कागदावर अकरा फूट

साहेबांनी फिरतं घर विकत घेतलं ही बातमी वसाहतीत पसरायला एक संध्याकाळ लागली. ते घर साहेबांच्या हातून कधी फिरणार नाही, याबद्दल एकमत व्हायला तेवढाही वेळ लागला नाही.

साहेब म्हणजे वाहन-मापन खात्यातले निवृत्त उपअधीक्षक. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, पण ही गोष्ट त्यांना कोणी लेखी कळवली नसावी. अजूनही ते सकाळी सव्वादहाला इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसत, आणि दुधाची पिशवी गळकी निघाली तर दूधवाल्याला तीन मुद्द्यांचं पत्र लिहीत. दूधवाला ते पत्र घेई, नीट घडी करी आणि दुसऱ्या दिवशी गळकी पिशवी त्याच पत्रावर ठेवून जाई.

तर हे फिरतं घर. अठरा फूट लांब, आठ फूट रुंद, दोन चाकांवरचा पांढरा पत्र्याचा डबा. आत एक पलंग, छोटासा ओटा, कपाट, आणि डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, त्या घराची सगळी मिजास. बटण दाबलं की सोफा, सोफ्यामागची भिंत आणि भिंतीतली खिडकी, सगळंच्या सगळं कुरकुरत तीन फूट बाहेर सरकायचं आणि आत ऐसपैस बैठक तयार व्हायची. टेबलाचा खण ओढावा तसं. म्हणून वसाहतीने त्याला खण असंच नाव दिलं. आठ फुटांच्या घराला तीन फुटांचा खण म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं वसाहतीचे चिटणीस पहिल्याच दिवशी म्हणाले, आणि मग त्याच खणात बसून दोन कप चहा प्यायले.

खण आत, पुढे एक दणकट गाडी जोडलेली, आणि वहिनींना घेऊन तळ्याकाठी चार दिवस, असा साधा बेत होता. वहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी. सगळी वसाहत त्यांना वहिनीच म्हणते. त्या तळ्याचं एक चित्र त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाला आतून चिकटवलं होतं. अठरा वर्षं दर वर्षी जायचं ठरे आणि दर वर्षी साहेबांच्या खात्यात काहीतरी उपटे. एकदा तपासणी, एकदा तपासणीची तपासणी. चित्रातलं पाणी तोवर पिवळं पडलं.

साहेब घराचे कागद आपल्या नावावर करून घ्यायला जुन्या कचेरीत गेले. तिथे आता त्यांच्या खुर्चीवर निरीक्षक बसत होते. हे निरीक्षक एके काळी साहेबांच्या हाताखाली होते. त्यांचा एक मसुदा साहेबांनी सतरा वेळा परत पाठवला होता, आणि सतराव्या वेळी फक्त स्वल्पविराम हलवायला. असा माणूस खुर्चीवर बसला की सूड उगवणार, असं कुणालाही वाटेल. सूड असता तर परवडला असता. ही भक्ती होती. साहेब आत आल्याबरोबर निरीक्षक उभे राहिले, खुर्ची पुसून दिली, आणि कागद बघून त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, कागदावर रुंदी अकरा फूट आहे."

"आधीच्या मालकाने ऐटीत खण उघडून मोजून घेतलंय," साहेब म्हणाले. "रस्त्यावर खण आत असतो. मग आठच फूट."

"हो साहेब. पण मग ते कागदावरचं वाहन होत नाही. आणि अकरा फुटी वाहन रस्त्यावर आणता येत नाही."

"म्हणजे जे वाहन रस्त्यावर येऊ शकतं त्याला कागद नाही, आणि ज्याला कागद आहे ते रस्त्यावर येऊ शकत नाही? हे कुठल्या गाढवाने ठरवलं?"

निरीक्षकांनी अत्यंत आदराने कपाट उघडलं आणि प्लॅस्टिकमध्ये मढवलेलं एक परिपत्रक साहेबांच्या पुढे ठेवलं. खाली साहेबांची सही होती. बावीस वर्षांपूर्वीची, भरघोस, शेवटच्या वेलांटीला पीळ दिलेली.

कलम सात. 'वाहन तपासणीच्या वेळी कागदावर नोंदलेल्या मापात, नोंदलेल्या स्थितीत व नोंदलेल्या संख्येइतक्या माणसांसह असावे. ओढून न्यावयाचे वाहन असल्यास ते ओढणाऱ्या वाहनास जोडलेले असावे व चाकाचा किमान एक पूर्ण फेरा चालवून दाखवावे.' हे कलम लिहायला साहेबांना अकरा दिवस लागले होते. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्यांनी त्या माणसाची सालटी काढली असती. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"चांगलं आहे कलम," साहेब घसा खाकरून म्हणाले. "पळवाट ठेवलेली नाही."

"नाहीच ठेवलेली साहेब. मी पुष्कळ शोधली," निरीक्षक म्हणाले. मग त्यांनीच उपाय सांगितला. ते स्वतः वसाहतीत येतील. खण बाहेर काढलेला, घर गाडीला जोडलेलं, कागदावर लिहिल्याप्रमाणे आत पाच माणसं, असं चाकाचा एक फेरा आवारातच चालवून दाखवायचं. मापं जुळली की ते 'प्रवासात खण आत' असा शेरा मारतील आणि साहेब मोकळे.

घरी आल्यावर साहेबांनी हे सगळं एखादा विजय मिळवल्यासारखं सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकलं. घराबरोबर एक जाडजूड माहितीपुस्तक आलं होतं. ते वसाहतीत फक्त एका माणसाने वाचलं होतं, आणि तो माणूस साहेब नव्हे.

"म्हणजे पुस्तकात जे कधीच करू नका म्हणून लाल अक्षरात लिहिलंय, तेच तुमच्या निरीक्षकांना करून दाखवायचं," वहिनी म्हणाल्या. "खण बाहेर असताना ओढायचं नाही. आत माणसं असताना तर मुळीच नाही."

"पुस्तक कंपनीचं आहे," साहेब म्हणाले. "कलम खात्याचं आहे."

यावर वहिनींनी वाद घातला नाही. तीस वर्षं संसार केल्यावर माणसाला पालथा घडा ओळखता येतो. त्या एवढंच म्हणाल्या, "शनिवारी बरोबर दहा वाजता मी निघणार. भाऊ गाडी घेऊन येतोय, वाटेत थोरल्या ताईला घ्यायचंय. मागे घर जोडलेलं असलं तर घरासकट, नसलं तर नुसत्या गाडीतून. तुम्ही असलात तर तुमच्यासकट."

"आणि नसलो तर?" साहेबांनी हसत विचारलं.

वहिनी हसल्या नाहीत. साहेबांना पहिल्यांदाच किंचित धास्ती वाटली, पण त्यांनी ती कामाच्या यादीत घेतली नाही.

यादी मात्र झाली. सत्तावीस मुद्द्यांची. प्रत्येक मुद्द्यापुढे दोन सह्यांची जागा. ती फाटकाजवळच्या फलकावर लागली आणि वसाहतीतल्या सल्ल्याला पूर आला. ज्यांनी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं, त्यांना अचानक जोडणीचं शास्त्र कळू लागलं. चिटणीस म्हणाले, आधी खण बाहेर काढा, मग जोडा. जोडल्यावर खण काढला तर हिसका बसून गाडीचं कंबरडं मोडेल. तळमजल्यावर समोरच राहणारे निवृत्त कवायत मास्तर म्हणाले, आधी जोडा, मग खण काढा. नाहीतर घर कलंडेल. दोन दिवसांत वसाहतीत आधी-खण आणि आधी-जोड असे दोन पक्ष झाले. पाणी सोडण्याच्या वेळेवरून जे कधी एकत्र येऊ शकले नव्हते, ते या प्रश्नावर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एक गृहस्थ तर दोन्ही पक्षांच्या बैठकांना जात आणि दोन्हीकडे मान डोलावत. ते पूर्वी मुत्सद्दी वगैरे काही नव्हते. बैठकीला चहा असे.

वहिनींनी पुस्तकात बघून सांगितलं होतं की जागा सपाट हवी, चाकांना पाचरी हव्यात, आणि कोपऱ्याचे चारही पाय टेकलेले असताना खण पुढे-मागे केला तरी चालतो. प्रश्न खणाचा नाही, प्रश्न जोडणी नीट बसली की नाही याचा आहे. हे इतकं सोपं होतं की कुणालाच पटलं नाही.

शनिवार उजाडला. आठ वाजता मेहुणा, म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, आपली दणकट गाडी घेऊन आला. तिच्या मागे मुठीएवढा लोखंडी गोळा होता. घराच्या पुढच्या दांड्याच्या टोकाला एक उपडी वाटी होती. ती वाटी गोळ्यावर बसवायची, वरचा खटका दाबायचा, त्यात खीळ घालायची, झाली जोडणी. हे काम दोन माणसं पाच मिनिटांत करतात. इथे बावीस माणसं होती, म्हणून दीड तास लागला.

मास्तर गाडीच्या मागे उभे राहून हात हलवत होते. त्यांच्या आज्ञा ऐकून शाळेतली चाळीस पोरं एकदम वळत. मेहुण्याची गाडी एकटी असूनही वळेना.

"मागे! अजून मागे! डावीकडे! माझ्या डावीकडे!"

"तुमची डावी की माझी?" मेहुणा खिडकीतून ओरडला.

"डावी ती डावी!"

"उजवीकडे घ्या," पलीकडून चिटणीस म्हणाले.

गाडीने मध्यम मार्ग स्वीकारला आणि फलकाला धडकली. साहेबांची यादी खाली पडली. तिच्यावरून मागचं चाक गेलं, मुद्दा क्रमांक वीस ते सत्तावीस चिखलात उमटले. साहेबांनी ती उचलून रुमालाने पुसली आणि 'पुढे' असं कोरड्या आवाजात म्हटलं. त्यांचा चेहरा मात्र असा झाला होता की मास्तरांनीसुद्धा हलवायचा हात खाली घेतला.

नऊ वाजता निरीक्षक आले. बगलेत फीत, हातात फायली, आणि शर्टाच्या खिशात ते मढवलेलं परिपत्रक, देवाच्या तसबिरीसारखं. त्यांनी साहेबांना वाकून नमस्कार केला. बावीस माणसांसमोर झालेल्या त्या नमस्काराने साहेबांची छाती दोन इंच फुगली. कागदावर नोंदलेली नसल्याने ती मोजली गेली नाही.

सगळ्यांनी मिळून शेवटी वाटी गोळ्याच्या वर आणली. वहिनींच्या देखरेखीखाली पुढचा जॅक फिरवून दांडा खाली घेतला. वाटी गोळ्यावर टेकली. खटका काही खाली जाईना. साहेबांनी दाबला, चिटणीसांनी दाबला, मग मास्तर म्हणाले, "बाजूला व्हा," आणि त्यांनी बुटाची टाच अशी हाणली की खट्ट असा आवाज सगळ्या आवारात ऐकू गेला.

"बसलं!" मास्तर गरजले.

"बसलं!" लोक म्हणाले. आवाज झाला म्हणजे काम झालं, ही आमच्या लोकांची जुनी श्रद्धा आहे. साहेबांनी मुद्दा एकोणिसावर खूण केली.

"बसलं की नाही ते बघायला हवं," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातात पुस्तक होतं, बोट पानात. "जॅकने पुढचं तोंड जरा उचलून बघा. वाटी गोळ्याखाली नीट अडकली असेल तर गाडीचं मागचं अंगही बरोबर वर येतं. नसेल तर नुसती वाटी वर येईल."

"खटका बसल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकलाय," साहेब म्हणाले. "बावीस साक्षीदार आहेत. आणि उचलून बघणं यादीत नाही."

"मग घाला यादीत."

"मंजूर झालेल्या यादीत ऐनवेळी भर घालता येत नाही."

वहिनींनी घड्याळात बघितलं आणि पुस्तकात पेन्सिलने काहीतरी टिपलं. मग खाली वाकून दांड्याच्या दोन साखळ्या त्यांनी स्वतःच्या हाताने एकमेकींवरून फुलीसारख्या घेऊन गाडीला अडकवल्या. साखळ्या यादीत होत्या, मुद्दा बावीस, पण तो चिखलात गेल्यामुळे साहेबांना वाचता आला नव्हता.

खण बाहेर काढला. निरीक्षकांनी फीत लावली. अकरा फूट, तंतोतंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता पाच माणसं. त्यासाठी एवढी झुंबड उडाली की चिठ्ठ्या टाकायची वेळ आली, पण चिटणीस आणि मास्तर पदसिद्ध म्हणून आधीच आत शिरले होते. त्यांच्या पाठोपाठ तिघं धट्टेकट्टे गेले. पाचही जण, अर्थातच, पुढच्या पलंगावर बसले नाहीत. सोफा खणात होता. खण मागे होता. पाचही जण मागे जाऊन ऐसपैस बसले आणि खिडकीतून हात हलवू लागले.

कोपऱ्याचे पाय उचलले, पाचरी काढल्या, आणि घर किंचित मागे बसलं. वाटीजवळ कुठेतरी कर्र असं वाजलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "सगळं वजन मागे गेलंय. पुढचं तोंड वर ओढलं जातंय. एकदा उचलून बघा. त्या लोकांना तरी खाली उतरवा."

"पाच माणसं कागदावर आहेत," साहेब म्हणाले. त्यांना मनातून उचलून बघावंसं वाटलं होतं. हे त्यांनी पुढे कधीही कबूल केलं नाही, पण वाटलं होतं. मात्र समोर निरीक्षक उभे होते, हातात पेन धरून, गुरूचा प्रयोग बघायला आलेल्या शिष्यासारखे. अशा वेळी बायकोच्या सांगण्यावरून खाली वाकायचं म्हणजे बावीस वर्षांची सही पुसायची. साहेबांनी मेहुण्याला हात केला. "चल."

वहिनींनी पुन्हा घड्याळात बघितलं.

गाडी हलली. घर हललं. चाक पाव फेरा फिरलं, अर्धा फेरा फिरलं, आणि निरीक्षक मोठ्याने मोजत असताना पाऊण फेऱ्याला वाटी गोळ्यावरून टुणकन उडाली. पाच जणांच्या वजनाने मागे ओढलं गेलेलं घर बागेतल्या झुलत्या फळीसारखं पुढून मोकळं झालं. घराचा मागचा कोपरा जमिनीवर आपटला, पुढचा दांडा आकाशाकडे गेला, आणि वहिनींनी लावलेल्या दोन साखळ्या ताणून ताठ झाल्या. साखळ्या नसत्या तर ते घर फाटकाकडच्या उतारावरून मागच्या मागे रस्त्यावर गेलं असतं, पाच मतदारांसकट. साखळ्यांनी ते धरलं, पण सरळ धरलं नाही. मेहुण्याने घाबरून ब्रेकऐवजी दुसरंच काही दाबलं, गाडीने हिसका दिला, घर डावीकडे फिरलं, आणि तीन फूट बाहेर आलेला खण तळमजल्यावरच्या एका गॅलरीत, कुंड्यांच्या दोन रांगा मोडून, कठड्याचे चार गज वाकवून, आरामात जाऊन बसला.

गॅलरी चिटणीसांची होती.

मग खणाची खिडकी उघडली. चिटणीस तिच्यातून एक पाय बाहेर टाकून स्वतःच्या गॅलरीत उतरले. त्यांच्या बायकोने आतून दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, "लवकर आलात?"

कुणाला लागलं नव्हतं. मास्तरांचा चष्मा सोफ्याखाली गेला होता आणि ते जमिनीवर रांगत "कुणी हलू नका" अशी शेवटची आज्ञा देत होते. आधी-खण पक्षाचे लोक आधी-जोड पक्षाकडे तुच्छतेने बघत होते, आणि उलटही. दोन्ही पक्षांचं म्हणणं खरं ठरलं, असं दोन्ही पक्षांनी त्याच संध्याकाळी ठराव करून जाहीर केलं.

"घरंगळताना चाकाचा फेरा पूर्ण झाला साहेब," निरीक्षक हलक्या आवाजात म्हणाले. "मापं जुळली. माणसं जुळली. फक्त जोडणी." त्यांनी खिशातलं परिपत्रक काढलं. त्यांचे डोळे पाणावले होते. "साहेब, कलम अकरा."

साहेबांना कलम अकरा पाठ होतं. तपासणीत अपघात झाल्यास कारणाचा निर्णय होईपर्यंत मालकाने व निरीक्षकाने जागा सोडू नये. निर्णय समितीकडून. समिती महिन्यातून एकदा.

दहाला दोन मिनिटं होती. वहिनी साखळ्या सोडत होत्या. घर आता गॅलरीच्या आधाराने पक्कं उभं होतं. तेवढं पक्कं ते याआधी कधीच उभं नव्हतं. मग त्यांनी घरात चढून दोन बॅगा बाहेर आणल्या. एक गाडीत ठेवली. दुसरी साहेबांची होती. भावाला त्यांनी बाजूच्या सीटवर बसवलं, कारण त्याच्या पायाला ब्रेक अजून सापडला नव्हता, आणि स्वतः स्टीअरिंगशी बसल्या.

"दहा वाजले," त्या म्हणाल्या. "येताय?"

"अगं, कलम अकरा..."

"एक वाट आहे साहेब!" निरीक्षक पुढे आले. "पोटकलम तीन. मालकाने जागेवरच लिहून दिलं की चूक माझी आहे, तर समितीची गरज नाही. मी शिक्का मारतो, तुम्ही निघा. एक ओळ पुरे."

वहिनींनी इंजिन सुरू केलं, पण गाडी सोडली नाही. "लिहा," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

अठरा वर्षं थांबलेली बाई अजून थांबते म्हणाली, यापेक्षा मोठी सवलत कुठल्याही खात्याने कुणाला दिलेली नाही. साहेबांनी कागद घेतला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला, पेनाचं टोपण काढलं. 'चूक माझी आहे.' तीन शब्द. पण साहेबांच्या पेनातून तीन शब्दांचं वाक्य कधी बाहेर पडलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'सदर घटनेबाबत असे नमूद करण्यात येते की.' मग त्यांनी सांगितलं की बॉनेट थरथरतंय, अक्षर नीट येत नाही, आणि ते कागद घेऊन फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले. 'उपलब्ध परिस्थितीचा साकल्याने विचार करता, प्रस्तुत जोडणीमध्ये काही अंशी.' काही अंशी हे जास्त होतं. त्यांनी खोडलं आणि 'अल्पांशाने' केलं. मग अल्पांश कुणाचा, हा प्रश्न आला. मास्तरांच्या टाचेचा उल्लेख आवश्यक होता. पुस्तकाची भाषा संदिग्ध असल्याचाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. इथे तर सुंभ अजून धुमसत होता.

निरीक्षक बाकाच्या मागे उभे होते. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "साहेब, गाडी." वीस मिनिटांनी पुन्हा म्हणाले. साहेबांनी हात वर केला, वाक्य अर्धवट असताना बोलायचं नसतं म्हणून. तिसऱ्या परिच्छेदातला स्वल्पविराम योग्य जागी बसवून त्यांनी मान वर केली, तेव्हा गाडी उभी होती तिथे तेलाचे दोन थेंब होते. बाकावर, त्यांच्या शेजारी, त्यांची बॅग होती. ती कुणी केव्हा आणून ठेवली हे त्यांना कळलंही नव्हतं.

दुपार झाली. साहेब आणि निरीक्षक दोघेही जागा सोडू शकत नव्हते, म्हणून दोघे खणातल्या सोफ्यावर बसले. चिटणीसांच्या बायकोने गॅलरीतून, खिडकीतून, दोन ताटं आत दिली. चिटणीस आतल्या खोलीतून ऐकू जाईल अशा बेताने खोकत होते. साहेबांनी मसुदा वाचून दाखवला. तो सव्वादोन पानांचा झाला होता.

"उत्तम आहे साहेब," निरीक्षक म्हणाले. "अशी भाषा आता राहिली नाही. फक्त, चूक कोणाची ते यात कुठे आलंय?"

साहेबांनी कागद मांडीवर ठेवला. खिडकीतून त्यांना मोडलेल्या कुंड्या दिसत होत्या. आपण घरात बसलेलो नसून दुसऱ्याच्या गॅलरीत एका खोक्यात बसलो आहोत, हे त्यांना एकदम जाणवलं, आणि त्यांना फार एकटं वाटलं.

चार वाजता फोन वाजला. वहिनी होत्या. मागे वारा ऐकू येत होता, आणि थोरल्या ताईचं हसणं.

"पोचलो," वहिनी म्हणाल्या. "पाणी चित्रातल्यापेक्षा निळं आहे. लिहून झालं का?"

"मसुदा तयार आहे. वाचू?"

"किती आहे?"

"सव्वादोन पानं."

"साडेपाचची बस आहे," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर साहेबांनी उत्तर दिलं असतं.

त्यांनी मसुद्याची मागची कोरी बाजू वर केली आणि लिहिलं, 'चूक माझी आहे.' खाली सही केली, वेलांटीला पीळ न देता. निरीक्षकांनी शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि ठप्पकन मारला.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालं साहेब. एवढंच लागतं."

सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. साहेबांनी बॅग उचलली. घराच्या दाराची पायरी आता हवेत लोंबत होती, म्हणून ते खिडकीतून पाय टाकून गॅलरीत उतरले, चिटणीसांच्या बैठकीतून, चिटणीसांच्या डोळ्याला डोळा न भिडवता, पुढच्या दाराने बाहेर पडले आणि बस थांब्यापर्यंत जवळजवळ धावले. बावीसही साक्षीदार खिडक्यांत उभे होते.

बस सुटल्यावर स्वेटर काढायला त्यांनी बॅग उघडली. स्वेटर खाली होता. सगळ्यात वर माहितीपुस्तक होतं. पानात पेन्सिल अडकवलेली होती. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं. लाल अक्षरात लिहिलं होतं: 'जोडणी झाल्यावर पुढचे तोंड उचलून पाहावे. गाडी सोबत उचलली गेली नाही, तर आवाज झालेला असला तरी जोडणी झालेली नाही असे समजावे.'

बाजूच्या समासात वहिनींचं बारीक अक्षर होतं. साहेब कचेरीत शेरे मारत अगदी तसंच, दिनांक आणि वेळ घालून, खाली पूर्ण सही करून.

'शनिवार. नऊ चाळीस. एकदा सांगितले. नऊ सेहेचाळीस. दोनदा सांगितले.'